तिरफळाच्या बरणीत नुसत्या बिया

नेपरव्हिल, इलिनॉय
रविवार, १५ जून १९८६

चि. शैलास अनेक आशीर्वाद.

शनिवार, १४ जून १९८६, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी मी माझी तिरफळाची बरणी उघडली आणि आत तिरफळ नव्हतं.

वेळ अंदाजाने लिहिलेली नाही. भिंतीवरच्या घड्याळात पाहून तिथल्या तिथे कॅलेंडरवर टिपली. बेळगावच्या कॉन्व्हेंटात सिस्टर म्हणायच्या, तक्रार करायची तर तारीख, वेळ आणि जागा सांगून करा, नाहीतर ती कुरकुर होते. मी कुरकुर करत नाही, तक्रार करते आहे.

राजीवने शिकागोच्या चायनाटाउनमधून बांगडे आणले होते. मी ते स्वतः साफ केले, हळद-मीठ लावलं, नारळ-मिरची वाटून रस उकळायला ठेवला. तिरफळ ठेचून टाकायचं तेवढं बाकी. बरणी रिकामी असती तर मी समजू शकले असते, संपलं म्हणून. पण बरणी अर्धी भरलेली होती, काळ्या बियांनी! आपण जी बी कचकच लागते म्हणून काढून फेकतो ती बी सगळी जागच्या जागी, आणि जे साल जेवणात पडतं त्याचा एक कण नाही. म्हणजे कुणीतरी बसून, निगुतीने, एकेक तिरफळ सोलून, ठेवायचं ते टाकलं आणि टाकायचं ते ठेवलं.

या घरात हे कोण करू शकतं? राजीवला चहाचा डबा सापडत नाही. तू गुरुवारी सकाळच्या विमानाने गेलीस. उरली सून, दीपा. ती नागपूरची. तिकडे तिरफळ कुणी पाहिलेलं नसतं. "आई, यात खडे आहेत का?" असं तिने मला एप्रिलमध्ये विचारलं होतं, ते मी विसरलेले नाही. मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, "आई, मी तुमचं तिरफळ फेकलं नाही." आणि भांडी घासायला लागली. एवढंच. माणूस निरपराध असला तर जास्त बोलतो.

हे तिरफळ कुठलं ते तुला सांगायला नको. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या वाऱ्यात मालवणच्या परसातलं आईचं झाड पडलं, फळांसकट. शेजारच्या श्रीरामने जमिनीवरून गोळा करून, वाळवून, घाईत बियाही न काढता माझ्याबरोबर दिलं. ते शेवटचं. आता पुन्हा येणार नाही.

तू दहा दिवस इथे होतीस. दीपाला त्या बरणीला हात लावताना पाहिलंस का? हो की नाही, एवढं कळव. फोन करू नकोस. तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडले आहेत, माणसं फोनवर किती खोटं बोलतात ते मी या कानांनी ऐकलं आहे.

तुझी
ताई


क्युपर्टिनो, कॅलिफोर्निया
मंगळवार, २४ जून १९८६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. प्रवास ठीक झाला. इथे हवा कोरडी आहे, रात्री शाल लागते. प्रसन्नचं ऑफिस चालू आहे, लेकाने आणखी एक कॉम्प्युटर घरी आणून ठेवला आहे, डायनिंग टेबलावर. आता आम्ही सोफ्यावर जेवतो.

तिरफळाचं वाचून वाईट वाटलं. दीपाला मी बरणीला हात लावताना पाहिलं नाही. कदाचित जुनं झालं की साल आपोआप सुटून भुगा होत असेल. तू मनाला लावून घेऊ नकोस. दीपा गुणी मुलगी आहे. सकाळी सहाची ट्रेन धरायच्या आधी तुझ्यासाठी भात लावून जाते, हे मी रोज पाहिलं.

माझा इंग्रजीचा वर्ग सुरू आहे, मंगळवारी आणि शनिवारी, सीनियर सेंटरमध्ये. वर्गात बरेच चिनी आहेत. मध्यंतरी एका पदार्थाची गोष्ट ऐकली. सेचुआन प्रांतातल्या चेंगडू गावची एक विधवा, तोंडावर देवीचे वण, तेलाचे बुधले वाहणाऱ्या हमालांना सोयाबीनच्या पनीराची भाजी करून वाढायची. हमालांपाशी जे असेल ते, थोडं तेल, थोडं मांस, त्यातच ती करायची. नुसतं तिखट नव्हे, जीभ बधिर करणारं. आपल्या तिरफळासारखं. मला फार आवडली ती गोष्ट.

राजीवला आशीर्वाद. दीपाला विशेष.

तुझी
शैला


नेपरव्हिल
बुधवार, २ जुलै १९८६

चि. शैलास आशीर्वाद.

मी हो की नाही विचारलं होतं, तू हवा कळवलीस.

साल आपोआप सुटून भुगा होतं, तर भुगा कुठे गेला? भुग्याला पाय फुटले? बरणीच्या तळाशी चिमूटभरही नाही. बिया तर अशा लख्ख, जणू कुणी पुसून ठेवल्या आहेत. मी त्या दोनदा टाकायला काढल्या आणि दोनदा परत ठेवल्या. का ते मला माहीत नाही.

मी आता दीपाने केलेलं जेवत नाही. तिने काही कबूल केलं तर वेगळं. ब्रेड खाते. राजीवने समेट म्हणून शनिवारी आम्हाला एका चिनी हॉटेलात नेलं. तुझ्या पत्रामुळे मला जरा उत्सुकता होती, ती फुकट गेली. जे आलं ते नारिंगी होतं, चिकट होतं आणि गोड होतं. आपण तापातल्या मुलाला औषध देताना साखर घालतो तसं. मी वेटरला विचारलं, "सेचुआनकडचं काही आहे का?"

तो म्हणाला, "स्पायसी, मॅम?"

"स्पायसी नव्हे. जीभ बधिर करणारं."

तो मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजरने अगदी काळजीने विचारलं, "मॅम, तुम्हाला अ‍ॅलर्जी आहे का? जीभ आत्ता बधिर झाली आहे का?" राजीवने कपाळाला हात लावला. दीपा हसली. मला वाटतं मीही हसले असते, पण मी तिच्याशी बोलत नव्हते.

माझा गोंधळ वेगळाच आहे. तिने चूक केली असेल तर ती "चुकले" का म्हणत नाही? आणि केली नसेल तर चिडत का नाही? काल ती मिऱ्यांचा एक डबा घेऊन आली, "हे चालेल का, आई?" मिरी! मी म्हटलं, "दीपा, एक ओळ लिहून दे, 'बरणी मी साफ केली,' विषय संपला." ती म्हणाली, "आई, खोटं कसं लिहू?" आणि मग म्हणाली, "याहून जास्त मला सांगता येणार नाही." सांगता येणार नाही म्हणजे काय? हे घर आहे की कोर्ट?

मी तिकीट काढलं आहे. शनिवार, ३० ऑगस्ट. जिथे एका बरणीचं खरं कुणी बोलत नाही तिथे म्हातारपण काढायची माझी तयारी नाही.  रात्री मी राजीवला जिन्यात बसलेला पाहिला.

आता तुझं. राजीव म्हणाला, प्रसन्न फोनवर सांगत होता की मंगळवार-शनिवार वर्ग संपून तू संध्याकाळपर्यंत घरी येत नाहीस. कुठे असतेस? ती देवीचे वण असलेली विधवा तुला कामाला तर नाही ना लावत? तू लहानपणापासून मऊ. कुणीही रडलं की त्याची भांडी घासायला बसतेस. तिला माझा नमस्कार सांग. एकटीने हमालांना जेवू घालते म्हणजे बाई खंबीर आहे. पण माझ्या बहिणीला राबवू नको म्हणावं.

तुझी
ताई


नेपरव्हिल
बुधवार, ९ जुलै १९८६

ती. मावशींना सा. न.

मावशी, मराठीत पत्र लिहायची सवय गेली आहे, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. हे ट्रेनमध्ये लिहितेय, म्हणून अक्षर असं.

११ जूनला पहाटे मी खाली आले तेव्हा तुम्ही डायनिंग टेबलावर पेपर पसरून बसला होतात. एकीकडे सालांचा ढीग, एकीकडे बियांचा. तुम्ही दचकलात. म्हणालात, "दीपा, ताईला सांगू नकोस. मी घरी पोचले की स्वतः लिहीन." मी हो म्हटलं. कशासाठी, कुणासाठी, मी विचारलं नाही. तुमचा चेहरा असा होता की विचारावंसं वाटलं नाही. बोर्डाच्या परीक्षेला निघालेल्या मुलीसारखा.

मी शब्द दिला तो पाळतेय. पण मावशी, महिना होत आला.

आईंना वाटतं माझ्या माहेरी तिरफळ नाही, म्हणून मी ते फेकलं असणार. त्याचं मला फार काही नाही. आमच्याकडच्या रश्श्यालाही त्या नाकं मुरडतात, आणि मग दोनदा घेतात. पण त्या ब्रेड खातायत. मी भात लावते, संध्याकाळी येते तर तो तसाच. पासष्ट वर्षांच्या बाईने माझ्या घरात रोज ब्रेड खायचा, हे मला बघवत नाही. तिकीटही काढलंय. राजीव दोघींच्या मधे मिटून गेलाय. त्या गेल्या तर परत येणार नाहीत, त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.

मी सांगणार नाही. तुम्ही सांगा.

तुमची
दीपा


क्युपर्टिनो
मंगळवार, १५ जुलै १९८६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिरफळ मी घेतलं.

हे वाक्य लिहून मी चहा करून प्यायले, मग पुढे लिहायला बसले. दीपाने काही केलेलं नाही. तिने मला पाहिलं होतं आणि मीच तिला गप्प राहायला लावलं. ती बिचारी माझा शब्द सांभाळत तुझा राग खात राहिली. मी भित्री आहे, ताई. ते तुला पहिल्यापासून माहीत आहे.

आता कुणासाठी ते सांगते. मधे थांबवू नकोस. पत्रात थांबवता येत नाही, म्हणून तर पत्र बरं.

मे महिन्यात वर्गात बाईंनी प्रत्येकाला आपल्या गावचा एक पदार्थ इंग्रजीत सांगायला लावलं. मला वाटायचं चिनी जेवण म्हणजे एकच असतं. तसं नाही ग. कँटनच्या बाईंनी वाफेवरचा मासा सांगितला, आलं आणि कांद्याची पात, बस, मासा ताजा असला की आणखी काही लागत नाही म्हणाल्या. शांघायच्या बाई डुकराचं मांस सोया आणि साखरेत तासन्‌तास शिजवतात. उत्तरेकडचे एक आजोबा भाताला हातच लावत नाहीत, सगळं गव्हाचं, सणाला करंज्यांसारखं काहीतरी उकडून. आणि त्यांचं आपसात भांडण! कँटनच्या बाई म्हणाल्या, सेचुआनचे लोक शिळं झाकायला मिरच्या घालतात. अगदी तू नागपूरच्या मसाल्याबद्दल बोलतेस तसं.

मग मिस्टर ल्यू उभे राहिले. वय अडुसष्ट, चेंगडूचे, १९४९ साली गाव सुटलं. इथे पुतण्याच्या हॉटेलात वीस वर्षं स्वयंपाकी होते, तुला मिळालं तसलंच नारिंगी करत होते, कारण लोक तेच मागतात. त्यांनी त्या विधवेच्या पनीराची गोष्ट सांगितली. ताई, ती बाई माझ्या वर्गात नाही, शंभर वर्षांपूर्वीची आहे. तुझा नमस्कार तिला पोचवता येणार नाही.

सगळं सांगून झालं आणि चवीपाशी ते अडले. शब्दच मिळेना. जिभेला बोट लावलं, गालाला लावलं. बाई म्हणाल्या, "हॉट?" त्यांनी मान हलवली. "पेन?" नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "डेंटिस्ट!" सगळे हसले. ते खाली बसले आणि वही बंद केली.

आणि मला माहीत होतं, ताई. अख्ख्या वर्गात मला एकटीला माहीत होतं. इंग्रजी शब्द माझ्याकडेही नव्हता. सुटीत मी त्यांच्यापाशी गेले, जिभेला बोट लावलं आणि म्हटलं, "तिरफळ." त्यांना काय कळणार? पण त्यांनी खिशातून एक छोटा पत्र्याचा डबा काढून उघडला. रिकामा होता. नुसता वास होता, अगदी पुसट. त्यांचं ते तिरफळ या देशात आणायला बंदी आहे म्हणे, लिंबा-संत्र्याच्या झाडांना त्याने रोग लागतो म्हणून. कुठे चोरून मिळतं ते जुनं, भुसा झालेलं. डबा ते वासासाठी जवळ बाळगतात.

मग मी जूनमध्ये तुझ्याकडे आले आणि कपाटात बरणी दिसली.

मी मागितलं का नाही? मागितलं असतं तर तू विचारलं असतंस, कुणासाठी. आणि "एका चिनी गृहस्थांसाठी" हे तुझ्यासमोर उभं राहून म्हणायची माझी छाती झाली नाही. वडिलांना एकीलाच कॉन्व्हेंटात पाठवणं जमलं, मी नगरपालिकेच्या शाळेत गेले, त्याचा मला राग नाही. पण तू प्रश्न विचारलास की अजून माझं उत्तर तोंडातच राहतं. बिया मात्र टाकवेनात. आईच्या झाडाच्या. म्हणून पुसून परत बरणीत ठेवल्या.

इथे परतल्यावर पहिल्याच शनिवारी त्यांच्या घरी त्यांनी ते साल तव्यावर भाजलं, कुटलं. मांस वगळलं माझ्यासाठी, अळंबी घातली. पनीर जेलीसारखं मऊ, वर आंबवलेल्या मिरचीचं तांबडं तेल, आणि शेवटी आपलं तिरफळ. त्यांनी एक घास घेतला आणि डोळे मिटून बसले. मला वाटलं रडतायत. मग म्हणाले, "हे आमचं नाही." मी हातातला चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, "कझिन आहे." आणि तीन वाट्या भात खाल्ला.

आता मंगळवार-शनिवार मी तिथे असते. भांडी ते घासतात, मी पुसते.

उरलेलं साल सोबत पाठवते आहे, दोन मुठी असेल. तिकीट रद्द कर. मला काय बोलायचं ते बोल, दीपाला नको.

तुझी
शैला


नेपरव्हिल
गुरुवार, २४ जुलै १९८६

चि. शैलास आशीर्वाद. आशीर्वाद लिहायचा रिवाज आहे म्हणून.

तुझं पत्र मी सोमवारपासून सहा वेळा वाचलं आणि मी नेमकी कशावर रागावले आहे ते मला अजून ठरवता आलेलं नाही. चोरीवर रागवायला गेले तर तो रिकामा डबा मधे येतो. लपवण्यावर रागवायला गेले तर तुझं "थांबवू नकोस" मधे येतं. मी तुला आयुष्यभर मधेच थांबवत आले का? याचं उत्तर देऊ नकोस, मला ते कळलं आहे. त्या शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या बाईला मी नमस्कार पाठवला, त्यावर तुम्ही दोघं हसला असाल. हसला असालच. त्याबद्दल मी खात्रीने रागावले आहे.

दीपाची माफी मी लेखी मागितली. सोमवार, २१ जुलै, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं, स्वयंपाकघर. "१४ जून रोजी मी तुझ्यावर जो आरोप केला तो खोटा होता आणि मी तो केवळ तू परक्या गावची म्हणून केला." इतकं लिहायला मला तीन कागद लागले. तिने उभ्यानेच वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "आई, आता भात खाणार का?"

खाल्ला. काल बांगडे पुन्हा आणले. दीपाने पहिल्यांदाच तिरफळ घातलेलं खाल्लं आणि तोंडावर हात धरून म्हणाली, "आई, माझे ओठ कुठे गेले?" राजीव इतका हसला की त्याला ठसका लागला. तिकीट कॅन्सल केलं. एजंटने पैसे कापले, ते मी तुझ्या नावावर धरते.

राहिलं मिस्टर ल्यू. मी पासष्ट वर्षांची आहे आणि तू एकसष्टची. तुझे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. लोक काय म्हणतील हा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला. कुठले लोक, तेच मला आठवेना. मालवणचे मेले, बेळगावचे विसरले आणि इथले सकाळी सहाची ट्रेन धरतात. तरी मला हे सगळं उमगलं आहे असं समजू नकोस. माझी बहीण एका चिनी गृहस्थाने घासलेली भांडी पुसते हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे नीट उभं राहत नाही. राहील तेव्हा राहील.

त्यांना सांग, आमचं तिरफळ भाजायचं नसतं, शेवटी ठेचून टाकायचं असतं. आणि "कझिन" म्हणाले ते ठीक, पण थोरला कोण ते ठरायचं आहे.

तुझी
ताई

ता. क. बरणीतल्या बिया या लिफाफ्यात घातल्या आहेत. काल दीपा म्हणाली, "आई, जेवणात नाही चालत, पण लावायला तर बीच लागते ना?" मालवणात जन्मून हे मला सुचलं नाही. इथल्या बर्फात ते झाड जगायचं नाही, तुमच्याकडे जगेल. जुन्या बिया आहेत, शंभरातली एक रुजली तरी पुष्कळ. फळ धरायला सात-आठ वर्षं लागतील. म्हणजे तू एकोणसत्तर आणि ते शहात्तर, तेव्हा लाजण्यात वेळ घालवू नका. आणि हे झाड काट्यांचं, एकदा लावलं की उपटून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून नीट विचार करून एकाच गोष्टीचं उत्तर दे: बिया कुणाच्या परसात लावणार, प्रसन्नच्या की मिस्टर ल्यूंच्या? हवा कळवू नकोस, फोन करू नकोस. उत्तर लेखी, तुझ्या हातचं, शुक्रवार, ८ ऑगस्ट १९८६, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.